आधी मर्यादा, मग चित्र

१/ नवे घर अल्प खर्चात सजवण्यास साहाय्य करणारे ॲप बारामती-इंदापूरकरांसाठी घडवायचे, तर त्याने प्रथम काय करावे? पडद्यांची आणि सोफ्यांची चित्रे दाखवू नयेत. याचे कारण या परिसराच्या इतिहासात सापडते.

२/ या अवर्षणप्रवण पट्ट्यातील जुनी घरे मातीच्या माळवदाची. घर मोजले जाई ते खणांत, आणि खणाची रुंदी ठरे ती हाती असलेल्या लाकडावरून.

३/ सजावटीचा हिशेबही तोच. जाड भिंतीतच कोनाडा आणि देवळी ठेवली की कपाटाचा खर्च वाचे. भिंतीत खुंटी, जमिनीला सारवण.

४/ बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) काव्यात हेच साधले. त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणजे रामकथेत ‘राम’ हा शब्दच निषिद्ध! बंधन आधी ठरले, सौंदर्य त्यातून घडले.

५/ आजच्या खरेदीचा क्रम उलटा आहे: आधी मोहक चित्र, मग किंमत, अखेर हप्ता. गृहकर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबाला हा क्रम महाग पडतो.

६/ आजच्या पातळ भिंतीत कोनाडा कोरता येत नाही, हे खरे. विचाराचा क्रम मात्र घेता येतो. ॲपने आधी विचारावे, ‘शिल्लक किती?’ मग, ‘घरात काय आहे?’ आजीची पेटी, सुताराकडून दुरुस्त होणारे मेज, सारे त्यात नोंदवावे.

७/ आणि ‘काहीही विकत घेऊ नका’ असे सांगण्याचे धैर्य ज्या ॲपमध्ये नाही, ते साहाय्यक नव्हे. ते दुकान होय.