नातवाची सायकल

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, मी सायकलने शाळेत जाऊ का?" दहा वर्षांचा आहे. शाळा जेमतेम दीड किलोमीटरवर. सूनबाई काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो.

मंडळी, याच पुण्यात मी तीस वर्षं सायकलवरून शाळा गाठली. हँडलला डबा, कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा. डबलसीट किंवा बिनदिव्याचं दिसलं की पोलीस पकडायचा, तेवढीच काय ती भीती. वेगळा सायकल मार्ग कुणी मागितला नाही, कारण सगळा रस्ताच आमचा होता!

आता मार्ग आहे म्हणतात. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात आठशे किलोमीटरच्या वर मार्ग होते. म्हणून संध्याकाळी मुद्दाम शाळेपर्यंत चालत गेलो. फूटपाथला लागून रंगीत फरशा, त्यावर सायकलचं चित्र. वीस पावलांवर विजेचा डीपी. पुढे ओळीने लावलेल्या स्कूटर्स, मग भेळेची गाडी (भेळ बरी होती, असो). आणि चौक आला की मार्ग गायब. जिथे बस वळते, रिक्षा आडवी येते, तिथेच पोराने एकट्याने निभावायचं.

हॉलंडचं कौतुक सगळे करतात. पण तिथेही १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. आई-बाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हेच त्या चळवळीचं नाव होतं. त्यांचे सायकल मार्ग त्या काळातल्या अशा रेट्यातून वाढले. आपल्याकडे मात्र किलोमीटर मोजतात. माझं म्हणणं, दहा वर्षांचं पोर एकटं पाठवता येतं का, एवढंच मोजा. तसा सलग एकच किलोमीटर द्या, चौकासकट. आठशे नकोत.

"रस्ते अरुंद आहेत, जागा कुठून आणणार?" असं आमच्या कट्ट्यावर हमखास कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याची मोटार दिवसभर रस्त्याच्या कडेलाच उभी असते. तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली मावतात.

नातवाला अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी सकाळी सहाला रस्ता मोकळा असताना दोघं जाऊन येणार आहोत. चौकात उतरून सायकल हातात धरायची, असं सूनबाईशी ठरलंय.