माशीची जीभ कुठे असते?

बालमित्रांनो,

परवा मधल्या सुट्टीत एका मुलाच्या गूळपोळीवर माशी बसली. बसली न बसली तोच तिची सोंड खाली! तो म्हणाला, "बाई, चाखायच्या आधीच हिला कसं कळलं गोड आहे ते?"

प्रश्न झकास आहे, नाही का? अहो, माशीने केव्हाच चाखलं होतं. पायाने!

माशीच्या पायांवर आणि सोंडेच्या टोकाशी बारीक केस असतात. केसाच्या टोकाला सूक्ष्म छिद्र असतं. त्यातून अन्नाचा रस आत शिरला की आतल्या पेशी मेंदूला निरोप धाडतात. गोडाचा निरोप देणारी पेशी वेगळी, कडूचा देणारी वेगळी. उपाशी माशीच्या नुसत्या पायाला साखरेचं पाणी लावलं, तरी सोंड आपोआप बाहेर येते.

पण गोडात कडू मिसळलं असेल तर? पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटं पाहिलीत ना? शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पुष्कळ प्रयोग केले. कडू पदार्थ कडूच्या पेशीला जागं करतो. शिवाय काही कडू पदार्थ गोडाच्या पेशीला गप्पही बसवतात! चिलट मग तोंड फिरवतं. ते शहाणपणाचंच, कारण वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात. मात्र पोटात कावळे ओरडत असतील, तर तेच चिलट थोडं कडू चालवून घेतं. भुकेने पारडं फिरतं, बरं का!

आता माझी एक चूक. मी वर्गात ठासून सांगितलं होतं, "गोड दिसलं की कीटक धावणारच." ते अर्धंच खरं होतं. स्वयंपाकघरात छोटी तपकिरी झुरळं असतात ना, त्यांना मारायला अमेरिकेत ग्लुकोज घातलेलं विषारी आमिष ठेवत. काही वर्षांनी काही ठिकाणची झुरळं त्याकडे फिरकेनाशी झाली. हे 1993 साली प्रसिद्ध झालं. कारण कळलं 2013 साली. या झुरळांच्या कडूच्या पेशी ग्लुकोजनेच जाग्या होत होत्या! त्यांना ते कडू लागत होतं. गोड लागणारी झुरळं विष खाऊन मेली. कडू लागणारी थोडी वाचली, त्यांना पिल्लं झाली, आणि तीच चव पिल्लांकडे गेली.

म्हणजे गोड काय नि कडू काय, हे ज्याच्या त्याच्या पेशी ठरवतात. आहे की नाही गंमत?

करून पाहा : अंगणात दोन पानांवर गुळाच्या पाण्याचे थेंब ठेवा. एका थेंबात कारल्याचा रस मिसळा. मुंग्या कुठे जमतात, किती वेळ थांबतात, ते वहीत लिहा. उत्तर मी सांगणार नाही, मुंग्यांनाच विचारा!

आणि हो, डबा झाकून ठेवा. माशीचे ते पाय आधी कुठे कुठे चव घेऊन आलेत, कुणास ठाऊक!

तुमच्या,
बाई