पेन्शनीतला ॲडमिरल

नौदलातला बडा अधिकारी गेला की आपण त्याची पदकं मोजतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्याकडे ती भरपूर होती. १९७१च्या युद्धात विमानवाहू ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेग घटला होता, पाण्याखाली शत्रूच्या पाणबुडीची धास्ती होती. तिच्याभोवती पहारा देणाऱ्या नौकांपैकी ‘कामोर्ता’चे कप्तान आवटी. त्या युद्धाने त्यांना वीरचक्र दिलं. पुढे ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३मध्ये निवृत्त.

मृत्युलेख बहुधा इथे आटोपतात. आवटींच्या बाबतीत मात्र तो घाईचा हिशेब ठरेल.

निवृत्तीनंतर ते राहिले फलटणजवळच्या विंचुर्णीत. समुद्रापासून इतक्या लांब, की तिथे गलबत फक्त चित्रातच दिसावं! तिथे बसून त्यांनी एक ध्यास घेतला: भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. २००६मध्ये या मोहिमेसाठी नौदलाला हवा होता तो माणूस सापडला, तेव्हा आवटी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे आलेले कमांडर दिलीप दोंदे मूळचे पाणबुडे. महासागरात एकट्याने शीड हाकारण्याचा अनुभव शून्य.

बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. छप्पन्न फुटी, लाकूड आणि फायबरची. नाव ‘म्हादेई’. ऑगस्ट २००९मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत फक्त चार बंदरांना लागून मे २०१०मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१३मध्ये त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले.

यात एक बोचरी गोष्ट आहे. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९मध्ये ज्या ‘सुहैली’तून परतले, ती मुंबईत बांधलेली. बोट आपली, हात आपले. हौस तेवढी परक्याची. ही हौस आपल्यात रुजवायला चाळीस वर्षं लागली, आणि ते कुठल्या सरकारी समितीने नव्हे, एका पेन्शनराने केलं. सेनापतिपदापेक्षा हे काम मोठं, असं म्हणायला हरकत नसावी.

मे २०१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. आवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले.