खाणकामगारांचा तोल कोण तपासणार?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची ओळख भरवेलीची भूमिगत मँगनीज खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण यांनी घडवली आहे. छिद्रणयंत्रांचा व सुरुंगांचा आवाज हा अशा खाणींतील कामाचाच भाग. त्यामुळे खाणकामगारांच्या तपासणीत श्रवणचाचणीला स्थान मिळाले. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा विचार मात्र क्वचितच होतो.

वस्तुतः ही दोन्ही इंद्रिये अंतर्कर्णात शेजारीशेजारी आहेत. गुरुत्वाकर्षणाची जाणीव देणारी ‘सॅक्यूल’ ही पिशवी तीव्र आवाजालाही प्रतिसाद देते. गोंगाटाने बहिरेपण आलेल्या काहींमध्ये हा प्रतिसाद क्षीण झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

तो मोजणारी चाचणी म्हणजे ‘व्हेम्प’. कोलबॅच व हॅलमॅगी यांनी १९९२मध्ये तिचा पाया घातला. रुग्णाने मान वळवून मानेचा स्नायू ताणून धरायचा आणि कानात मोठा ‘टक्’ आवाज द्यायचा. सॅक्यूल व तिची मज्जातंतू शाबूत असेल, तर त्याच बाजूचा ताणलेला स्नायू क्षणभर सैलावतो. त्वचेवरील इलेक्ट्रोड सुमारे १३ व २३ मिलिसेकंदांवर उमटणाऱ्या लहरी टिपतात. डोळ्याखालील स्नायूंवरून अशीच ‘युट्रिकल’ या दुसऱ्या पिशवीची परीक्षा होते.

चाचणीला मर्यादाही आहेत. मध्यकर्णात दोष असल्यास हवेतून दिलेला आवाज आत पोहोचत नाही. मग हाडातून कंपन द्यावे लागते. उतारवयात प्रतिसाद स्वाभाविकपणेही मंदावतो. शिवाय चक्कर येण्याची कारणे अनेक असतात. म्हणून सरसकट प्रत्येक कामगाराची ही चाचणी करणे सयुक्तिक ठरणार नाही.

परंतु गोंगाटात वर्षे काढलेला कामगार भोवळीची तक्रार करत असेल, तर केवळ श्रवणचाचणीवर निष्कर्ष काढणेही धोक्याचे. अंधाऱ्या, ओल्या, उताराच्या वाटेवर डोळ्यांचा आधार तोकडा पडतो आणि तोल गेल्यास जिवावर बेतू शकते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. त्या तपासणीत भोवळीविषयी एक प्रश्न, तोलाची साधी परीक्षा आणि गरज भासल्यास मोठ्या रुग्णालयाकडे शिफारस एवढे तरी अंतर्भूत व्हावे. गोव्याच्या खाणपट्ट्यालाही हाच विचार लागू पडतो. ऐकू येते म्हणून कान निरोगी, हा समज आता खाणव्यवस्थापनांनी सोडायला हवा.