मेलेल्या माणसाची बाजू कोण छापणार?

यवतला महामार्गालगत माझा पेपरचा स्टॉल आहे, वडिलांपासूनचा. पहाटे पुण्याहून टेम्पो येतो, गठ्ठे उतरवतो आणि सोलापूरच्या दिशेनं निघून जातो. पुरवण्या घालायच्या, भांडगाव, कासुर्डी, खामगावच्या पोरांना अंक मोजून द्यायचे आणि मग दुपारपर्यंत स्टॉलवर बसायचं. आमचा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा, त्यामुळे ऊसदराची बातमी इथे चांगली खपते. तिच्याहून जास्त खपणारी बातमी एकच असते. खून झालेला असावा, त्यात बाई आणि पैसा असावा आणि आरोपी दिसायला बरा असावा. त्या दिवशी उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला अंक मिळत नाही.

चार दिवसांत त्या आरोपीचं नाव चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या तोंडी होतं. तो काय खायचा, कुठली गाडी चालवायचा, कोर्टात आणताना हसला की नाही, हे सगळं लोकांना ठाऊक असतं. मेलेला कोण होता असं विचारलं, तर माणसं थांबून आठवू लागतात. गुन्ह्यातून जो प्रसिद्ध होतो, त्याच्या प्रसिद्धीची किंमत मेलेला माणूस आणि त्याचं घर मोजत असतं. मला आज याच विषयावर बोलायचं आहे.

हे मोबाइलच्या आधीपासूनचं आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम अहुजा या व्यापाऱ्याच्या घरात शिरून त्याला गोळ्या घातल्या. पत्नी सिल्व्हिया हिचे अहुजाशी संबंध असल्याचं त्याच दिवशी तिच्याकडून कळलं होतं. पत्नी-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडून ते जहाजावर गेले, तिथून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि अहुजाचं घर गाठलं. पुढे स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकानं नानावटींची बाजू उचलून धरली. देशासाठी समुद्रावर असलेला देखणा अधिकारी आणि त्याचा संसार मोडणारा श्रीमंत छचोर, अशी मांडणी आठवड्यामागून आठवडा चालली. एरवी २५ पैशांना मिळणारा अंक दोन रुपयांना विकला गेला.

पेपर विकणाऱ्याला हा आकडा फार बोलका वाटतो. छापील किमतीवर एक रुपया जास्त मागितला, तर माझं रोजचं गिऱ्हाईक भांडायला उठतं. इथे आठपट पैसे मोजले गेले. निव्वळ बातमीला इतकी किंमत कुणी देत नाही. तो पैसा नायकासाठी होता आणि ‘ब्लिट्झ’नं लोकांच्या हातात नायक दिला होता.

ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं. खटल्यावर हिंदीत सिनेमे निघाले, थेट २०१६ च्या ‘रुस्तम’पर्यंत. आपल्याकडे मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ हे नाटकही त्यावरूनच आलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त सलते ती टॉवेलची गोष्ट. अहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला फक्त टॉवेल होता. बचाव असा होता, की दोघांची झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. झटापट झाली असती तर टॉवेल सुटून पडला असता, पण तो अंगावर जसाच्या तसा होता. वरच्या न्यायालयांनी हा मुद्दा गांभीर्यानं घेतला. म्हणजे मेलेल्या माणसाच्या बाजूनं साक्ष देणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांत तो टॉवेल होता. मुंबईच्या रस्त्यावर त्या वेळी फेरीवाले काय विकत होते? ‘अहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’! न्यायालयात जो पुरावा होता, त्याची रस्त्यावर खिल्ली उडाली आणि ज्या हत्यारानं जीव घेतला, ते मुलांचं खेळणं झालं.

अहुजा सज्जन होता, असं मी म्हणत नाही. त्याच्या वागण्याबद्दल न्यायालयात बरंच काही निघालं. पण त्याची शिक्षा भर दुपारी घरात शिरून गोळ्या घालणं ही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सिल्व्हियावर तर कुठला आरोपही नव्हता, तरी तिची खासगी पत्रं खटल्यात आली आणि शहरभर चघळली गेली. अहुजाच्या बहिणीनं भावासाठी साक्ष दिली आणि शेवटी माफीला तिचीच लेखी संमती घ्यावी लागली. त्या बाईच्या वाट्याला काय आलं असेल, याचा सिनेमा कुणी काढला नाही.

आता आपल्या पुण्याचं पाहू. ऑक्टोबर १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडानं शहर गोठून गेलं होतं. माझे वडील सांगायचे, संध्याकाळनंतर पुण्यात जायला यवतची माणसंही कचरत. या खुनांबद्दल राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. आरोपींपैकी मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं. या प्रकरणावरून ‘माफीचा साक्षीदार’ हा सिनेमा आला. अलीकडे याच विषयावरच्या मराठी माहितीपटाला शोधपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचं नाव ‘जक्कल’. मेहनतीचं काम असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पन्नास वर्षांनंतरही शीर्षकात नाव मारेकऱ्याचं आहे.

मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते? महामहोपाध्याय ही पदवी असलेले संस्कृत व्याकरणाचे पंडित. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश आजही अभ्यासक वापरतात. वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलींच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं आणि त्याला प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड काशिनाथशास्त्रींनी जोडला. भांडारकर रस्त्यावरच्या त्या घरात त्यांच्यासह पाच जणांचा बळी गेला, त्यात घरकाम करणारी एक बाईही होती. मी स्टॉलवर येणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना विचारून पाहिलं. जक्कल बहुतेकांना माहीत होता. कोश कुणालाही माहीत नव्हता.

गोव्यात पर्वरीच्या ज्या हॉटेलात एप्रिल १९८६ मध्ये इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी कुख्यात मारेकरी चार्ल्स शोभराजला पकडलं, तिथे पुतळा बसवला गेला तो शोभराजचा. झेंडे यांच्या वाट्याला सिनेमा यायला २०२५ उजाडलं.

आज तर मध्ये संपादकही लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातला एक टोळीप्रमुख तळोजा कारागृहातून सुटला, तेव्हा द्रुतगती मार्गावरून शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली आणि तिचे व्हिडिओ आमच्या गावातल्या पोरांच्या मोबाइलवर त्याच दिवशी पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गुंडांना आयुक्तालयात बोलावून, रील टाकाल तर याद राखा, अशी तंबी दिली. पोलिसांना हे करावं लागतं, याचा अर्थ रील हा आता दहशतीचाच भाग झाला आहे. माझ्याकडे अंक टाकणारी पोरं चौदा-पंधरा वर्षांची आहेत. एखाद्या ‘भाई’च्या गाण्यावर त्यांनी मान डोलावली, की माझ्या पोटात गोळा येतो. या वयात पोराला कुणीतरी व्हायचं असतं. व्हायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हे आपण त्यांना दाखवून ठेवलं आहे.

आमच्या दौंड तालुक्यानंही ही झळ सोसली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले, त्यात लहान मुलं होती. सुरुवातीला सामूहिक आत्महत्या म्हणून बातम्या आल्या आणि त्यामागच्या घरगुती कारणाची चर्चाही रंगली. मग पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला. आधीच्या दिवसांत त्या मेलेल्या कुटुंबाबद्दल जे बोललं गेलं, ते परत कुणी घेतलं? पोटासाठी परमुलखात आलेल्या त्या माणसांसाठी शब्द टाकायला इथे कुणी नव्हतं.

कुणी म्हणेल, मग गुन्ह्याच्या बातम्या छापायच्याच नाहीत का? छापायलाच हव्यात. बातमी आली नाही, तर गरिबाची तक्रार ठाण्यातल्या टेबलावर पडून राहते, हे मी इथे बसून पाहिलं आहे. माणूस का बिघडतो, हे समजून घेणंही गरजेचं आहे. माझं मागणं मांडणीपुरतं आहे. आरोपीनं स्वतःच काढलेला गॉगलमधला फोटो पहिल्या पानावर नको. ‘भाई’, ‘डॉन’ अशी बिरुदं बातमीदारानं लावू नयेत. मेलेला माणूस काय काम करायचा, त्याच्या मागे कोण आहे, हे घरच्यांच्या संमतीनं तेवढ्याच जागेत सांगावं. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानं बंदी आहे. नाव न देताही तिचं माणूसपण सांगता येतं. आणि अटक ज्या पानावर छापली, निकालही त्याच पानावर छापावा. निर्दोष सुटलेल्या माणसाची बातमी आतल्या कोपऱ्यात गेली, तर तो गावात आयुष्यभर आरोपीच राहतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. आरोपीचा मोठा फोटो असलेलं पान मी स्टॉलबाहेर दोरीला लावत नाही. अंक आत असतो, मागेल त्याला देतो. गावकऱ्यांनीही जामिनावर सुटलेल्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागू देऊ नये, आणि ग्रामपंचायतीनं अशा फ्लेक्सला परवानगी देऊ नये. पण स्टॉल आणि चौक हे शेवटचं टोक आहे. सुरुवात छापखान्यात होते. संपादकांनो, एकदा मेलेल्या माणसाचं आयुष्य पहिल्या पानावर छापून पाहा. तो अंक मी दोरीला सर्वांत पुढे लावीन, आणि दुपारी चार प्रती उरल्या तर त्याचा तोटा माझा.