मोहरेच्या दोन बाजू

संस्थानी इतिहासावरच्या लेखात सोन्याच्या मोहरेचे छायाचित्र आले, की त्याखाली 'सार्वभौमत्वाची खूण' ही ओळ ठरलेली. इंग्रजी अमलातही आमच्या राजांनी स्वतःच्या नावाची सुवर्णनाणी पाडली, म्हणून ते स्वतंत्र होते, असा हा युक्तिवाद. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर तासभर बोलणारे आपण. नाण्यावरचा चार शब्दांचा मजकूर मात्र न वाचताच पुढे जातो.

बडोद्याची मोहर पाहा. तिसऱ्या सयाजीरावांची छबी, नागरी अक्षरे, राणीचा मागमूस नाही. अभिमान वाटावा असेच सारे. पण बिरुद कोणते? 'सेनाखासखेल समशेर बहादर'. या तर शाहू छत्रपतींकडून गायकवाडांना मिळालेल्या सरदारकीच्या पदव्या! सातारा 1848 साली खालसा झाले, 1857 नंतर दिल्लीच्या बादशहाचे नावही नाण्यावरून गेले. उरली ती धन्याविना चाकरीची बिरुदे. आणि ज्या गादीवर सयाजीराव बसले, ती 1875 साली मल्हाररावांना पदच्युत करून इंग्रजांनीच रिकामी केली होती.

त्या मानाने कच्छ प्रामाणिक म्हणायचे. प्रागमलजींच्या 1866च्या शंभर कोरींच्या सुवर्णनाण्यावर एका बाजूस फारसीत व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूस नागरीत राव. आडपडदा नाही.

हैदराबादच्या अश्रफीवर चारमिनार आहे, इंग्रजी सम्राटाचे नाव नाही. तरी वऱ्हाड परत मागताना निजामाने बरोबरीची भाषा वापरली, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी 27 मार्च 1926च्या पत्रात ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व त्याला रोखठोक ऐकवले. चारमिनार काही मदतीला धावला नाही.

यावर उत्तर येते, की बाजारात तरी राजाचेच नाणे चाले. चाले ते चांदीचे, तांब्याचे, मोहर नव्हे. आणि रुपयावर इंग्रजांची नजर होतीच: 1876च्या कायद्यानुसार पाडलेल्या अलवारच्या 1877च्या रुपयावर एका बाजूस राणी आहे, आणि तो पडला कलकत्त्याच्या टांकसाळीत. बडोद्याचा बाबाशाही रुपयाही विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी रुपयापुढे मावळला. मोहर प्रामुख्याने नजराण्याची. दरबारात सरदार ती राजापुढे धरी. व्हाइसरॉयच्या भेटीत संस्थानचे मानकरी त्याच्यापुढे मोहरा धरीत, आणि तो त्यांना नुसता स्पर्श करून परत करी. जे सोने व्यवहारात फिरतच नव्हते, त्यावर राजाने काय लिहावे याची इंग्रजांना फिकीर का असावी?

माझी मागणी साधी आहे. इतिहासाच्या नव्हे, साहित्याच्या वर्गात ही नाणी आणावीत. छायाचित्रे चालतील, फक्त दोन्ही बाजूंची हवीत.