हाताची घडी, कागदाची घडी

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली की आम्ही बालरोगतज्ज्ञ लसीकरणाचे वेळापत्रक किंवा पावसाळ्यातील आजार यांवर चार पाने लिहून मोकळे होतो. यंदा संपादक मंडळाची क्षमा मागून कागदाच्या फुलाविषयी लिहीत आहे. मुलांच्या डॉक्टरने आपल्या टेबलावर स्टेथोस्कोप, टॉर्च आणि हातोडीच्या शेजारी चौरस कागदांची एक चळत ठेवावी आणि मूल त्या कागदाची घडी घालताना दोन मिनिटे पाहावे, असे माझे मत आहे. हे मत बनण्यास माझ्या हातून झालेली एक चूक कारणीभूत आहे. ती पुढे सांगतो, आधी फूल.

जपानी भाषेत ‘कुसुदामा’ असा शब्द आहे. ‘कुसुरी’ म्हणजे औषध आणि ‘तामा’ म्हणजे गोळा. प्राचीन हेआन काळापासून, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सुगंधी द्रव्ये आणि औषधी वनस्पतींचा असा गोळा रोगराई दूर राहावी म्हणून टांगण्याची रीत होती. पुढे औषध गेले आणि नाव राहिले. आज ओरिगामी करणारी मंडळी कागदी फुलांच्या गोळ्याला कुसुदामा म्हणतात. (औषध नाहीसे होऊन नाव तेवढे उरण्याचा प्रकार आपल्या व्यवसायातही अगदीच अपरिचित नाही.)

या गोळ्यातील फूल पाच पाकळ्यांचे असते आणि त्याला कात्री लागत नाही. सुमारे पंधरा सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्यावा. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. पायाची दोन्ही टोके वरच्या टोकाशी आणली की पत्त्यांतील चौकटीसारखा लहान चौरस होतो. आता समोर आलेला प्रत्येक पदर बाहेरच्या कडेशी जुळेल असा अर्धा दुमडावा. मग त्याच पदराच्या आत बोट घालून तो उघडावा आणि मधल्या रेषेवर दाबून सपाट करावा. पतंगाचा आकार दिसू लागतो. कडेबाहेर डोकावणारे टोक मुडपावे, पतंग मधल्या रेषेवर मिटवावा आणि दोन्ही बाजू एकमेकींजवळ आणून गोंदाने चिकटवाव्यात. या शेवटच्या वळणाला मात्र घडी पाडू नये. कागद शेंगदाण्याच्या पुडीसारखा गोल राहू द्यावा. ही झाली एक पाकळी. पाच पाकळ्यांचे एक फूल, बारा फुलांचा एक गोळा, म्हणजे एकूण साठ कागद. एमआर मंडळी देऊन जातात ती गुळगुळीत माहितीपत्रके या कामास कुचकामी. घडीवर शाई फुटून पांढरी रेघ उमटते. उत्तरायणानंतर उरलेला पतंगाचा कागद फार पातळ पडतो. झेरॉक्सचा साधा कागद उत्तम.

वरील कृती वाचताना वैद्यकीय वाचकांच्या लक्षात आले असेल की यातील बहुतेक सर्व पायऱ्यांना दोन्ही हात लागतात आणि दोघांचे काम वेगळे असते. एक हात कागद स्थिर धरतो, दुसरा टोक जुळवतो. पुढच्याच क्षणी भूमिका बदलतात. पदर उघडताना तर्जनी एकटी पुढे जावी लागते, बाकीची बोटे मिटलेली राहावी लागतात. घडीवर नख फिरवताना किती जोर लावावा याचा अंदाज बोटांनाच घ्यावा लागतो. नजर, बोटे आणि आधीची पायरी लक्षात ठेवणे, ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू असतात. मूल कागद नाकाशी नेते की काय, एक डोळा मिटते की काय, हेही ओघाने दिसते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एवढे सारे एकदम दाखवणारे दुसरे स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

आता चूक. 2005 साली नऊ महिन्यांचा एक मुलगा गोवराच्या लसीसाठी माझ्याकडे आला होता. खुळखुळा समोर धरला की त्याचा डावाच हात पुढे येई. आजी कौतुकाने म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या यजमानांसारखा डाबोडी निघाला बघा!” मीही हसलो, वजन लिहिले, लस दिली. वर्षाच्या आतच मूल एका हाताला ठाम पसंती देऊ लागले, तर दुसऱ्या हातात काय उणे आहे ते तपासावे, हे मी त्या काळात विद्यार्थ्यांना शिकवीत असे. पुढील चार वर्षांत तो मुलगा किमान वीस वेळा आला असेल. कधी खोकला, कधी जुलाब, एकदा कानदुखी. दर वेळी छाती ऐकली, घसा पाहिला. हात पाहिले नाहीत. तो थोडा उशिरा चालू लागला, पण चालला. बोलण्यात तर पटाईत होता.

2009 च्या पावसाळ्यात दवाखाना तुडुंब भरलेला असताना आमच्या स्वागतकक्षातील मुलीने बसलेल्या मुलांना रमवण्यासाठी कागदाचे ट्यूलिप करायला शिकवले. तिला ते शाळेतील हस्तकलेच्या तासाला येऊ लागले होते. थोड्या वेळाने ती आत येऊन म्हणाली, “सर, हा मुलगा कागद उजव्या हाताने धरतच नाही. कोपराने दाबून ठेवतो नि डाव्या हाताने दुमडतो.” मी बाहेर येऊन पाहिले. उजवा अंगठा तळव्यात मिटलेला होता. टेबलावर घेऊन तपासले तेव्हा उजव्या बाजूचे स्नायू ताठर, प्रतिक्षेप तीव्र, उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात जन्माच्या सुमाराचा जुना आघात दिसला. सौम्य हेमिप्लेजिया. निदान स्वागतकक्षातील बारावी झालेल्या मुलीने केले होते. नाव तेवढे मी दिले.

आईने एकच प्रश्न विचारला, “तेव्हाच कळले असते तर फरक पडला असता का?” मी “हो” म्हणालो. किती, ते सांगता येत नव्हते आणि आजही येत नाही. पण पहिल्या दोन वर्षांत वाढत्या मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता मोठी असते, आणि ती वर्षे आम्ही खोकल्याच्या बाटल्यांत घालवली होती.

ऑक्युपेशनल थेरपिस्टने दोन्ही हातांचा एकत्र सराव सुरू केला. लाकडी खुंट्या आणि मणी यांना तो मुलगा दहा मिनिटांत कंटाळे. फुलाला कंटाळत नसे, कारण फूल पुरे झाल्यावर ते कोणाला तरी देता येई. पहिल्या वर्षी एक पाकळी व्हायला पाऊण तास लागे. 2010 च्या गणपतीत त्यांच्या घरी गेलो, तर मखराला कागदी फुले लावलेली होती. प्रत्येक पाकळीची उजवी बाजू सैल होती. उजव्या हाताची बारीक कामे त्याला आजही कठीण जातात; पण तो हात मदतीला येतो, विसरला जात नाही.

या अनुभवावरून कोणी घरोघरी मुलांची परीक्षा घेऊ लागेल, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. तीन वर्षांचे मूल समोर करून दाखवल्यास कागदाची साधी घडी घालते. तिरपी, कर्णावरची घडी चार-पाच वर्षांच्या सुमारास जमू लागते. यात नवे काही नाही. गेसेल यांच्या विकासचाचण्यांत कागदाची घडी होती, आणि स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या 1937 च्या आवृत्तीत पाच वर्षांच्या मुलासाठी त्रिकोणी घडी होती. कुसुदामाची पाकळी आठ-नऊ वर्षांच्या आधी मागू नये. लहानांना ट्यूलिप पुरे. शिवाय ज्या मुलाच्या हाती घरी कधी कागद दिलेलाच नाही, त्याला घडी न जमणे हा रोग नव्हे. मी घडी सुबक आली की नाही ते पाहत नाही, दोन्ही हात कामाला येतात की नाही ते पाहतो. ओरिगामीने बुद्ध्यांक वाढतो, गणित सुधारते अशी पत्रके वाटून शिबिरे भरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

घडीचे शिक्षण मात्र जुने आहे. फ्रोबेलच्या किंडरगार्टनमध्ये कागदाच्या घड्या हा रोजचा उद्योग होता. त्याच साहित्यावरून कल्पना सुचून मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. आपल्याकडे बालवाडीत किंडरगार्टन हे नाव आले आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढीच घडी उरली. आता तर घरी मोबाईलवर एका अंगठ्याने सारे भागते. दुसरा हात काय करतो हे आईलाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात डॉ. अनिल अवचट आठवल्यावाचून राहणार नाहीत. बी. जे. मेडिकलमधून एमबीबीएस झालेल्या या माणसाने ‘छंदांविषयी’ या पुस्तकात ओरिगामीवर मनापासून लिहिले आहे. 2022 च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा आपल्या मंडळाच्या सभेत त्यांच्या लेखनावर आणि ‘मुक्तांगण’वर बोलणे झाले, त्यांच्या कागदांवर कोणी बोलले नाही, मीही नाही.

“वेळ कुठे आहे?” असे सहकारी विचारतात. वेळ प्रतीक्षागृहात पडून आहे. मूल तिथे अर्धा तास बसलेले असते. पाहण्याचे काम स्वागतकक्षातील व्यक्तीला शिकवता येते, आणि ती आपल्यापेक्षा ते बरे करते असा माझा अनुभव आहे. प्रत्येक मुलाला नवा कागद द्यावा आणि त्याने केलेली वस्तू त्यालाच घरी नेऊ द्यावी, म्हणजे संसर्गाचा आक्षेपही उरत नाही.

तेव्हा मंडळाच्या यंदाच्या बालवाडी तपासणी शिबिरात वजनकाट्याच्या रांगेत एक सतरंजी आणि कागदांची चळत ठेवावी, अशी माझी सूचना आहे. सतरंजीवर मी स्वतः बसेन. ज्या मुलाचा एक हात मांडीवरच राहील, त्याचे नाव वेगळ्या वहीत लिहावे आणि त्याच दिवशी त्याला पुरते तपासावे. कागद आधी कापून ठेवावे लागतील. ए-फोर कागदातून पंधरा सेंटिमीटरचा एकच चौरस निघतो, चौदाचे दोन निघतात. म्हणून चौदाचेच कापावेत.